एका दुपारचा न्याय

शनिवार, २४ मे २०२५. त्याच दिवशी मान्सून केरळात दाखल झाल्याची बातमी आली होती आणि आमच्याकडे वळवाचा म्हणावा की मोसमी, असा संभ्रम पाडणारा पाऊस लागून राहिला होता. संध्याकाळचे साडेसात म्हणजे लंडनमधली दुपारचे तीन. पुतण्याने आधीच फर्मान काढले होते, ‘काका, आज मालिका नाही, बातम्या नाहीत. वेम्बले!’ घरातल्या बायकांनी नाराजीने का होईना, दूरचित्रवाणी संच त्याच्या ताब्यात दिला. मी पेपर बाजूला ठेवून बसलो. खरे सांगायचे तर इंग्लंडमधील दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉलमध्ये मला काडीचाही रस नव्हता. लिव्हरपूल नाही, आर्सेनल नाही. समोर होते शेफील्ड युनायटेड आणि संडरलँड. म्हटले, हे म्हणजे रणजीच्या प्लेट गटाचा सामना पाहण्यासारखे. पण दोन तासांनी मी खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसलो होतो आणि सामना संपल्यावर पुतण्याने विचारलेल्या एका प्रश्नाने मला पुढे कितीतरी दिवस छळले.

सामना असा झाला. पंचविसाव्या मिनिटाला शेफील्डच्या टायरीस कॅम्पबेलने गोल केला. थोड्या वेळाने शेफील्डने दुसरा गोलही केला. त्यांचे पाठीराखे नाचू लागले. पण व्हिडिओ पंचांनी तपासणी केली, एक खेळाडू ऑफसाइड जागी उभा राहून गोलरक्षकाच्या आड येत होता असा निष्कर्ष निघाला आणि गोल रद्द झाला. गंमत अशी, की त्या हंगामात या श्रेणीच्या साखळी सामन्यांत व्हिडिओ पंच नव्हतेच. ते फक्त या एका सामन्याला होते. शहात्तराव्या मिनिटाला संडरलँडच्या एलिझर मायेंडाने बरोबरी साधली. आणि जादा मिळालेल्या मिनिटांत, घड्याळात पंचाण्णवावे मिनिट चालू असताना, बदली म्हणून आलेल्या १९ वर्षांच्या टॉमी वॉटसनने दूरवरून चेंडू गोलच्या कोपऱ्यात सरकवला. संडरलँड २, शेफील्ड युनायटेड १. ८० हजारांहून अधिक प्रेक्षकांपैकी अर्धे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि उरलेले अर्धे डोके धरून बसले.

पुतण्याने मोबाइलवर गुणतक्ता काढला आणि माझ्यासमोर धरला. साखळीत शेफील्ड तिसरे, ९० गुण. संडरलँड चौथे, ७६ गुण. शिवाय संडरलँडने साखळीतील अखेरचे पाचही सामने गमावलेले. ‘आता तुम्हीच सांगा काका,’ तो म्हणाला, ‘वर्षभर १४ गुण जास्त मिळवणारा घरी आणि शेवटचे पाच पेपर नापास झालेला वरच्या वर्गात! हा कुठला न्याय?’

प्रश्न फुटबॉलचा होता, पण तेवढाच नव्हता. तो स्वतः त्या वर्षी प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट पाहत होता. बारा वर्षांच्या शाळेचे मोल तीन तासांच्या एका पेपरने ठरते, हे त्याला त्या दिवसांत कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती. म्हणून ‘खेळ आहे, चालायचेच’ असे मोघम उत्तर देऊन सुटका होणार नव्हती. मी त्याला म्हटले, थोडा अभ्यास करून सांगतो. हा लेख म्हणजे तो उशिरा दिलेला जबाब आहे.

*

ज्यांना या खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी आधी रचना सांगतो. इंग्लंडमधील फुटबॉल ही एक उंच शिडी आहे. सर्वांत वर २० क्लबांची प्रीमियर लीग. तिच्याखाली ७२ क्लबांच्या तीन श्रेणी आणि त्याखाली गावोगावच्या शेकडो क्लबांच्या पायऱ्या. दर वर्षी प्रत्येक पायरीवरचे तळाचे क्लब खाली उतरतात आणि खालचे पहिले वर चढतात. दुसऱ्या श्रेणीत, जिला चॅम्पियनशिप म्हणतात, २४ क्लब प्रत्येकी ४६ सामने खेळतात. २०२५ च्या त्या हंगामात पद्धत अशी होती : पहिले दोन क्लब थेट वर. तिसरी जागा मात्र तिसऱ्या क्रमांकाला आपोआप मिळत नाही. तिसरा ते सहावा अशा चार क्लबांत उपान्त्य लढती होतात, एकमेकांच्या मैदानावर दोन-दोन सामने, आणि त्यातले विजेते वेम्बलेवर एकाच सामन्यात भिडतात. याला प्ले-ऑफ म्हणतात.

प्ले-ऑफ हा शब्द आयपीएलमुळे आपल्या घराघरांत पोचला आहे. पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. आयपीएलमध्ये साखळीत पहिल्या दोन क्रमांकांवर आलेल्यांना पहिला सामना हरल्यावरही आणखी एक संधी मिळते. म्हणजे वर्षभराच्या, निदान दोन महिन्यांच्या, कष्टाची थोडी तरी पुण्याई गाठीशी राहते. इंग्लंडमध्ये २०२५ च्या त्या हंगामात तिसऱ्या क्रमांकाला मिळाले ते एवढेच, की त्याची गाठ सहाव्याशी पडली आणि उपान्त्य फेरीचा दुसरा सामना स्वतःच्या मैदानावर झाला. वेम्बलेवर पाऊल टाकले की ९० गुण आणि ७६ गुण, दोघांची पाटी कोरी.

ही पद्धत कोणी न्यायबुद्धीने काढलेली नाही, हे तिचा इतिहास पाहिला की कळते. १९८५ हे इंग्लिश फुटबॉलचे काळे वर्ष. ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसे गेली. त्याच महिन्यात, २९ तारखेला, ब्रसेल्सच्या हेसेल मैदानात लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या सामन्याआधी ३९ जण चेंगरून मेले. लोक मैदानाकडे पाठ फिरवू लागले होते, गल्ले रिकामे होते. त्यातच वरच्या श्रेणीतील क्लबांची संख्या २२ वरून २० करायची होती. या दोन गरजांतून १९८६-८७ च्या हंगामात प्ले-ऑफ जन्माला आले. दोन वर्षांची तात्पुरती सोय म्हणून आलेला हा पाहुणा मग घरचाच झाला. कारण उघड आहे. एरवी मार्च उजाडला, की निम्म्या क्लबांना ना वर जाण्याची आशा, ना खाली जाण्याची भीती. उरलेले सामने म्हणजे वर्ष संपल्यावरची शाळा. सहाव्या क्रमांकालाही दार किलकिले ठेवल्यावर दहाव्या-बाराव्या क्लबाचे पाठीराखेसुद्धा एप्रिलपर्यंत तिकीट काढू लागले. १९९० पासून अंतिम लढत वेम्बलेवर एकाच सामन्यात होऊ लागली आणि मग ती एक जत्राच झाली.

म्हणजे पुतण्याच्या प्रश्नाचे पहिले, रोखठोक उत्तर असे : हा न्याय नाहीच. ही उत्कंठा टिकवण्याची व्यवस्था आहे. पण एवढ्यावर थांबले तर गोष्टीचा अर्धाच भाग हाती लागतो. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा तर त्या दिवशी जिंकलेल्या गावाकडे जावे लागेल.

*

संडरलँड हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, वेअर नदीच्या मुखाशी वसलेले शहर. जहाजे बांधणे आणि कोळसा काढणे, हे त्याचे दोन पिढीजात धंदे. १९८८ मध्ये शेवटचे जहाजबांधणीचे कारखाने बंद झाले. १९९३ च्या अखेरीस वेअरमाउथची कोळशाची खाण बंद झाली. आमच्या पिढीने लालबाग-परळच्या चिमण्या थंड झालेल्या पाहिल्या आहेत, त्यामुळे हे दृश्य मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. तिथे खाणीच्या जागी फुटबॉलचे मैदान आले. १९९७ मध्ये त्याच जमिनीवर ‘स्टेडियम ऑफ लाइट’ उभे राहिले आणि बाहेर खाणकामगाराच्या हातातल्या दिव्याची मोठी प्रतिकृती बसवली गेली. ज्या जमिनीखाली आजा-पणजा राबला, तिच्यावर बसून नातू सामना पाहतो. अशा गावात क्लब ही शनिवारची करमणूक राहत नाही. गावाकडे उरलेली ती एकमेव मोठी गोष्ट असते.

आणि या क्लबाची गंमत म्हणजे, प्ले-ऑफने करता येतील तेवढे सगळे खेळ त्याच्याशी केले आहेत. १९८७ साली, अगदी पहिल्याच वर्षी, वरच्या श्रेणीतला एक क्लबही या लढतीत ओढला जात असे. संडरलँड गिलिंगहॅमशी दोन सामने खेळले, एकूण गोल ६-६ झाले आणि प्रतिस्पर्ध्याने परक्या मैदानावर केलेले गोल जास्त म्हणून संडरलँड इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या श्रेणीत गेले. सहा वेळा इंग्लंडचे विजेतेपद मिळवलेला क्लब!

१९९० ची कथा तर नाटककारालाही सुचणार नाही. संडरलँड सहावे आले होते आणि त्यांचे सख्खे शेजारी, पक्के वैरी न्यूकॅसल तिसरे. उपान्त्य फेरीत संडरलँडने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर हरवले. मग वेम्बलेवर मात्र ते स्विंडनकडून एका गोलने हरले. पण पुढे स्विंडनने खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याचे सिद्ध झाले, त्यांची बढती रद्द झाली आणि ती हरलेल्या संडरलँडला मिळाली. तिसऱ्या क्रमांकाचे न्यूकॅसल हात चोळत बसले. दैव देते आणि कर्म नेते असे आपण म्हणतो. इथे एकाचे कर्म गेले आणि दुसऱ्याच्या दारी दैव आले.

आणि मग २५ मे १९९८. प्ले-ऑफच्या इतिहासात या सामन्याची आठवण सर्वांत जास्त काढली जाते. समोर होते लंडनचे चार्लटन. या खेपेस संडरलँड तिसरे होते, त्यांचेही गुण होते ९०, चार्लटनचे ८८. चार्लटनच्या क्लाइव्ह मेंडोन्साने तीन गोल मारले. हा मेंडोन्सा संडरलँडचा आणि लहानपणापासून संडरलँडचाच पाठीराखा. संडरलँड तीन वेळा आघाडीवर गेले आणि तीनही वेळा चार्लटनने बरोबरी केली. त्यांतला ८५ व्या मिनिटाचा गोल केला बचावपटू रिचर्ड रुफसने, आणि चार्लटनसाठी तो त्याचा पहिलाच गोल होता. जादा वेळेनंतर ४-४. पेनल्टींमध्ये दोन्ही बाजूंच्या पहिल्या सहाही जणांनी चुका केल्या नाहीत. चार्लटनचा सातवाही गेला. संडरलँडतर्फे सातवा आला मायकेल ग्रे, हाही संडरलँडचाच मुलगा. त्याचा दुबळा फटका गोलरक्षक साशा इलिचने अडवला. ७-६. गावच्या एका मुलाने गावाला तीनदा जखम केली आणि गावच्याच दुसऱ्या मुलाच्या पायाने शेवटचा घाव बसला.

इथे एक क्षण थांबून विचार करावा. ग्रेने त्या दिवशी काही गुन्हा केला नव्हता. १२० मिनिटे धावल्यावर, ज्या फटक्याला एरवी सरावात कोणी ढुंकूनही पाहत नाही असा एक फटका त्याने मारला. पण त्या फटक्यावर एका शहराचा वर्षभराचा हिशेब लिहिला गेला. प्ले-ऑफवरचा खरा आक्षेप हा आहे. हरणाऱ्याचे दुःख ४६ सामन्यांत वाटले जात नाही, ते एका माणसाच्या खांद्यावर येऊन बसते.

पण पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पुढच्याच हंगामात संडरलँडने १०५ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला आणि कोणाच्या उपकारावाचून वर गेले. ग्रे १९९९ मध्ये इंग्लंडकडून खेळला. आणि त्या दिवशीचा नायक मेंडोन्सा? कमरेच्या दुखापतीने त्याची कारकीर्द लवकर संपली आणि तो आपल्या गावी परतून तिथल्या निसानच्या मोटार कारखान्यात कामाला लागला. एका दुपारने ठरवलेले नायक आणि खलनायक काळ असा सावकाश खोडून टाकतो.

२०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे घसरण होऊन संडरलँड पुन्हा तिसऱ्या श्रेणीत गेले. २०१९ मध्ये पुन्हा वेम्बले, पुन्हा चार्लटन आणि पुन्हा अगदी शेवटच्या क्षणी बसलेला गोल, २-१ असा पराभव. २०२२ मध्ये वायकम्बला हरवून ते दुसऱ्या श्रेणीत आले. आणि २०२५ च्या त्या शनिवारी वॉटसनचा गोल. आता १९९८ च्या संडरलँडकराला विचारा, तेव्हा ९० गुण मिळवून हरलात, आज ७६ गुणांवर जिंकलात, न्याय झाला की अन्याय? तो बहुधा म्हणेल, हिशेब फिटला. आणि योगायोग पाहा, दुसऱ्याच दिवशी त्याच वेम्बलेवर चार्लटननेही तिसऱ्या श्रेणीची अंतिम लढत जिंकून वरची पायरी गाठली.

*

पण शेफील्डचे काय? आपल्याकडच्या जुन्या घरांत ‘मेड इन शेफील्ड’ असे कोरलेली सुरी किंवा वस्तरा असे. ते हे पोलादाचे शहर. प्ले-ऑफमध्ये उतरण्याची ही त्यांची दहावी वेळ आणि दहाव्या वेळीही हात रिकामे. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा. व्यवस्थापक ख्रिस वाइल्डर स्वतः त्या क्लबाचा जुना खेळाडू आणि पाठीराखा. जूनमध्ये तो पायउतार झाला. नव्या व्यवस्थापकाच्या हाताखाली पुढच्या हंगामातले पहिले पाचही साखळी सामने गेले आणि सप्टेंबरमध्ये वाइल्डरलाच पुन्हा बोलावणे आले. पंचाण्णवाव्या मिनिटाच्या एका गोलाने एवढी उलथापालथ केली.

आणि ही उलथापालथ होण्याचे कारण पैसा आहे. डेलॉइट या हिशेबतज्ज्ञ संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२५ च्या त्या एका सामन्याचे मोल विजेत्याला पुढच्या तीन हंगामांत किमान २० कोटी पौंड होते. तेव्हाच्या दराने सुमारे २३०० कोटी रुपये. जगातला सर्वांत महागडा फुटबॉल सामना, असे त्याला उगाच म्हणत नाहीत. हा आकडा इतका का? कारण वरच्या मजल्याला मिळणारे दूरचित्रवाणीचे पैसे. २०२५-२६ पासूनच्या चार वर्षांसाठी प्रीमियर लीगच्या २० क्लबांनी ब्रिटनपुरते हक्क ६७० कोटी पौंडांना विकले. खालच्या ७२ क्लबांचा २०२४ पासूनचा पाच वर्षांचा करार आहे ९३.५ कोटींचा. नुसती सरासरी काढा : वर एका क्लबामागे वर्षाला आठ कोटींहून अधिक, खाली २६ लाख. वाटणी समान नसते हे खरे, पण दरीची खोली कळायला एवढे पुरे.

माझ्या मते पुतण्याच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. १४ गुणांचा अन्याय आपल्याला टोचतो, कारण बक्षीस अवाढव्य आहे. हेच दोन संघ एका साध्या ढालीसाठी खेळले असते, तर आपण ‘वा, काय सामना झाला’ म्हणून उठलो असतो. शिडीच्या दोन पायऱ्यांत वीतभर अंतर असते तर कोण आधी चढले याने फारसे बिघडत नाही. दोन पायऱ्यांत एक अख्खा मजला असेल तर मात्र एका दुपारीवर सगळे ठरवणे क्रूर होते. म्हणजे दोष परीक्षेच्या पद्धतीत जितका आहे, त्याहून अधिक पास आणि नापास यांच्यामधल्या दरीत आहे. आपल्या प्रवेश परीक्षांचेही नेमके हेच नाही का? एका गुणाने हुकलेल्या मुलाचे दुःख त्या एका गुणाचे नसते. त्या गुणापलीकडे चांगले महाविद्यालय एवढे एकच, आणि अलीकडे काहीच नाही, या रचनेचे ते दुःख असते.

शिवाय वर गेले म्हणजे सुखी झाले, असेही नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशा सलग दोन हंगामांत वर गेलेले तीनही क्लब वर्षभरातच खाली आले. त्यांत लूटनही होते. हॅट बनवणाऱ्यांचे हे गाव. २००८-०९ मध्ये आर्थिक गैरव्यवहारांसाठी ३० गुण कापले गेल्याने त्यांचा क्लब पाचव्या पायरीवर फेकला गेला. तिथून चढत चढत २०२३ मध्ये त्यांनी वेम्बलेवर कव्हेंट्रीला पेनल्टींवर हरवून प्रीमियर लीग गाठली. साऱ्या इंग्लंडने कौतुक केले. २०२४ मध्ये ते एक पायरी उतरले आणि २०२५ मध्ये आणखी एक. खाली उतरणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून वरून काही वर्षे पैसे मिळतात. त्यांना ‘पॅराशूट’ पैसे म्हणतात. त्यांचाही परिणाम असा, की नुकते खाली आलेले श्रीमंत आणि वर्षानुवर्षे तिथेच असलेले गरीब, अशी खालच्या मजल्यावरही भिंत उभी राहते. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉलवर स्वतंत्र नियंत्रक नेमणारा कायदा पूर्ण केला. पैशाची ही दरी बुजवण्याचा प्रश्नही त्याच्या पुढ्यात येणार आहे. कायद्याने दरी किती बुजते ते पाहायचे.

*

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. एक थेट संबंध पुण्याचा आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा लँकेशायरमधला क्लब १९९२ मध्ये याच प्ले-ऑफची अंतिम लढत जिंकून वर गेला आणि तिथल्या एका पोलाद उद्योजकाच्या पैशाच्या बळावर १९९५ मध्ये थेट प्रीमियर लीगचा विजेता झाला. २०१० च्या नोव्हेंबरात तो पुण्याच्या कोंबडीपालन व्यवसायातील व्यंकीज समूहाने विकत घेतला. दीड वर्षात, मे २०१२ मध्ये, क्लब खाली घसरला. त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबाच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीपर्यंत गेला आणि वर्षभरात परत आला. २०२३ मध्ये प्ले-ऑफची शेवटची, सहावी जागा त्यांनी गुण समान असूनही केवळ गोलफरकाने गमावली. ती जागा गेली कोणाकडे? संडरलँडकडे. पैसा ओतला की शिडी चढता येते असे १९९५ ने शिकवले आणि नुसते मालक झाले की शिडी ऐकत नाही, असे २०१२ ने.

दुसरा संबंध अधिक जिव्हाळ्याचा आणि अधिक दुःखद. आपल्याकडे फुटबॉलवेड्यांची वानवा नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब समोरासमोर आले, की पेठांमधले वातावरण काय होते ते पाहायला हवे. गोव्यात तर हा खेळ चर्चच्या अंगणात आणि शेतात वाढला. पण आपली शिडीच मोडकी. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली ती आठ संघांच्या बंद दाराआड, आयपीएलच्या धर्तीवर. तळाला आलात तरी पुढच्या वर्षी तुम्ही आहातच. खालून कितीही चांगले खेळलात तरी वर जाणे नाही. गोव्याचा डेम्पो हा पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला क्लब. २०१६ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून आय-लीगमध्ये परत येण्याचा हक्क मिळवून बसला होता. पण त्याच वर्षी आय-लीगलाच दुय्यम ठरवण्याचा आराखडा पुढे आला आणि साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्याबरोबर डेम्पोनेही निषेध म्हणून अंग काढून घेतले. ज्याने परीक्षा पास केली, त्यालाच सांगितले गेले की या वर्गाला आता किंमत नाही. मुंबईत महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला होताच. २०२३ मध्ये पंजाबचा क्लब आय-लीग जिंकून वर गेला तेव्हा कुठे वरचे दार पहिल्यांदा उघडले. खाली उतरण्याची अट मात्र तेव्हाही आली नाही.

इंग्लंडमध्येही दार बंद करण्याचा प्रयत्न झाला. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ धनाढ्य क्लबांनी, त्यांत सहा इंग्लिश, आपलीच कायमची ‘सुपर लीग’ काढण्याची घोषणा केली. तिथे हरले तरी ते खाली उतरणार नव्हते. पण त्यांचेच पाठीराखे रस्त्यावर आले आणि तीन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. ज्या क्लबाला अशा लीगचा सर्वांत जास्त फायदा झाला असता, त्याचेच लोक ‘नको’ म्हणाले. कारण त्यांना आपले दिवस आठवत होते. त्या सहांमधले मँचेस्टर सिटी १९९९ च्या मे महिन्यात तिसऱ्या श्रेणीची अंतिम लढत खेळत होते. गिलिंगहॅमने ८७ व्या मिनिटाला २-० अशी आघाडी घेतली होती आणि सिटीचे लोक मैदान सोडून निघाले होते. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल झाले, पेनल्टींवर सिटी जिंकले आणि शिडी चढू लागले. २०२३ मध्ये तोच क्लब युरोपचा विजेता झाला. आणि हरलेले गिलिंगहॅम? तेही पुढच्याच वर्षी प्ले-ऑफ जिंकून वर गेले.

*

तर पुतण्याला माझे उत्तर असे. त्या दुपारी शेफील्डवर अन्याय झाला, यात शंका नाही. पण तक्त्याची अखेरची ओळही वाच. वर थेट गेलेल्या लीड्स आणि बर्नली यांचे प्रत्येकी १०० गुण होते. शेफील्ड त्यांच्या दहा गुण मागे होते. जुन्या, कडक न्यायाने पहिल्या दोघांनाच वर घ्यायचे ठरवले असते, तर तिसऱ्याला मे महिन्यात खेळायला काहीच उरले नसते. ज्या किलकिल्या दारातून संडरलँड आत शिरले, त्याच दारापाशी शेफील्डही उभे होते. दार अरुंद आहे, त्यात बोटे चेमटतात. पण बंद दारापेक्षा ते बरे.

फक्त दोन गोष्टी हव्यात. दाराच्या अलीकडची खोली इतकी अंधारी नसावी, की मागे राहिलेल्याने आयुष्य संपले असे समजावे. आणि दार पुढच्या वर्षीही उघडले पाहिजे. पहिली गोष्ट इंग्लंडला जमलेली नाही. दुसरी जमली आहे. आपल्याला मात्र फुटबॉलमध्ये, आणि फुटबॉलबाहेरही, या दोन्ही गोष्टी अजून करायच्या आहेत.

सामना संपल्यावर कॅमेऱ्याने दाखवलेले एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गोल मारणारा वॉटसन हसत होता, रडत होता. त्याचे ब्रायटन क्लबाकडे जाणे आधीच ठरलेले होते. जी बढती त्याने गावाला मिळवून दिली, तिच्यात तो स्वतः खेळणार नव्हता. जाताना तो गावासाठी शिडी लावून गेला.

पुतण्याचा निकाल पुढे जूनमध्ये लागला. हवे ते महाविद्यालय चार गुणांनी हुकले. त्या रात्री मी काही उपदेश केला नाही. पण दोन दिवसांनी तोच जेवताना म्हणाला, ‘काका, ९८ मध्ये हरल्यावर पुढच्या वर्षी संडरलँडचे गुण किती होते हो?’

‘एकशे पाच,’ मी म्हटले आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.